निसारच्या टेबलावर माझी मान

पंचवटी, नाशिक
मार्गशीर्ष वद्य ३, शके १८५७

रा. रा. साडूभाऊ लहानूराव यांस,

पंचवटीहून खंडेराव हाडवैद्याचा मान लववून नमस्कार. (मान लवते, ही बातमीच आहे; कशी लवू लागली ते पुढे सांगतो.) सटाण्यात आपण सर्व खुशाल असाल, कांद्याची रोपं लावून झाली असतील आणि मेहुणीबाईंचा खोकला त्यांच्या बोलण्याच्या आड येत नसेल, अशी आशा आहे. इकडे आमचं कुटुंब, आक्काबाई, मजेत आहे. मी मजेत नाही.

कारण निसार. आमच्या गल्लीतल्या रहेमान विणकराचा मुलगा. बारा वर्षांपूर्वी बोटीवर खलाशी म्हणून गेला तो अमेरिकेत उतरला, तिथं नुसत्या हातांनी पाठीचा कणा सरळ करायची विद्या शिकला, आणि या दसऱ्याला परत येऊन गल्लीच्या टोकाला पाटी लावून बसला. पाटीवरचा इंग्रजी शब्द इतका लांब आहे की वाचेपर्यंतच पाठीला रग लागते. लोक त्याला कण्याचा डॉक्टर म्हणतात. मी तीस वर्षं तेच करतो, तर मला खंडू हाडवैद्य म्हणतात. औषध नाही, सुई नाही, नुसता हात, म्हणून गावभर त्याचं कौतुक! अहो, मी काय पायाने हाडं बसवत होतो? लहानूराव, तुमच्यापासून काय लपवायचं, मी जळतो. नवसाबाई माळीण, जिची कंबर मी दर हिवाळ्यात जागेवर आणतो, ती परवा फुलांची टोपली घेऊन माझ्या ओट्यावरून सरळ त्याच्याकडे गेली आणि येताना मलाच सांगते, "लय हलकं वाटतंय बघा, वैद्यबुवा. तुम्ही पण एकदा जाऊन या."

त्याच्या दारात किती टांगे थांबतात हे पाहायची मला खोड लागली. ओट्यावर बसून मान डावीकडे पुरती वळवली की त्याचा दरवाजा दिसतो. दिवाळीपासून मी ती वळवतच होतो. गेल्या सोमवारी नवव्या टांग्याला ती तिथंच राहिली. परत येईना. हाडवैद्याची मान वाकडी, आणि तोंड थेट निसारच्या दाराकडे! दुसऱ्याची हाडं बसवणारा हात स्वतःच्या मानेवर चालत नाही. आक्काबाईला म्हटलं, मी सांगतो तशी पिरगळ, तर म्हणाली, "नको. तीस वर्षांचा राग साठलाय, हात आवरायचा नाही." तीन दिवस मी देवळात जाऊन देवाऐवजी शेजारच्या खांबाचं दर्शन घेतलं. चौथ्या दिवशी दुपारी, गल्ली जेवून आडवी झाल्यावर, डोक्यावरून शाल घेतली आणि मागच्या दाराने त्याच्याकडे गेलो.

तीस वर्षं मी प्रत्येक रोग्याला 'घाबरू नका' म्हणत आलो. ते किती निरुपयोगी वाक्य आहे हे मला तिथं कळलं. टेबल काळ्या कातड्याचं, तोंडाच्या जागी भोक. पालथं पडलं की भोकातून फक्त फरशी आणि डॉक्टरचे बूट दिसतात. बूट कुठं जातात त्यावरून संकट कुठून येणार ते ओळखायचं. त्याने एकेक मणका बोटाने चाचपला (पद्धत चांगली आहे, माझ्याहून थोडी सावकाश), मग मला उताणं करून डोकं दोन्ही तळव्यांत धरलं. माझ्या तळपायांना घाम सुटला. मी सांगून टाकलं की मी नुसता पाहायला आलोय, दुखत वगैरे काही नाही. तो म्हणाला, "काका, आरामसे. मान सैल सोडा." मी सोडली म्हणालो आणि जास्तच ताठ केली. (माझे रोगी हेच करतात. मी त्यांना मूर्ख समजत होतो.) आता मान त्याच्या हातात राहणार आणि धड घरी जाणार, इथपर्यंत माझा विचार पोचला होता, तेवढ्यात त्याने विचारलं, "काकूंनी आज काय रांधलं होतं?" मी म्हणालो, "वांग्याचं भरी..." आणि कडाड!

दुखलं नाही. वाळकी तुराटी मोडावी तसा नुसता आवाज. मग मानेतून खांद्यापर्यंत ऊब उतरली आणि डोकं बारीक पोरासारखं इकडेतिकडे फिरायला लागलं. मला रडू आलं. थोडं सुखाने, पण जास्त रागाने. कारण जेवणाचं विचारायचं, माणूस बेसावध झाला की हाड बसवायचं, ही अमेरिकेची विद्या नव्हे, ही माझी! निसार नऊ वर्षांचा असताना चिंचेवरून पडला, तेव्हा त्याचा निखळलेला खांदा मी असाच बसवला होता. म्हटलं, हे कुठं शिकलास रे? तर म्हणतो, "तुमच्याकडंच की, काका. तिकडं पण सगळ्यांना हेच विचारायचो." आता अशा माणसाचा नीट द्वेष तरी कसा करावा?

गल्लीत मी सांगितलंय की माझ्याच लेपाने गुण आला. मुलांना आशीर्वाद. आपल्यापैकी कुणीही त्या निसारच्या दाराशी पाऊल टाकू नये, एवढंच मागणं.

आपला,
खंडेराव

ता. क. : येत्या गुरुवारी तुम्ही इकडे या. कंबर धरली आहे असं सांगा. टांगा माझ्या दाराशी थांबवून उतरताना जरा मोठ्याने विव्हळा. मग मी मोठ्या मनाने तुम्हाला निसारकडे नेईन. त्याच निमित्ताने तो माझीही कंबर पाहील, तीही हल्ली बरी नाही.

ता. क. २ : आक्काबाईला सांगू नका. माझी कंबर ठणठणीत आहे. मला फक्त तुमच्या वेळी त्याचा डावा अंगठा नेमका कुठं टेकतो ते पाहायचंय. माझ्या वेळी मी भीतीने डोळे गच्च मिटले होते.