वर्गातलं बारावं नाव

२ जून

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. प्रकृतीची चौकशी पुढच्या पत्रात करीन. हे पत्र कामाचं आहे.

तुझ्या माळ्यावर भिंगरीच्या कॉलेजच्या वह्या असतील. त्यांतल्या स्पॅनिशच्या पहिल्या वर्षाच्या सगळ्या बांधून लगेच पाठव. तिला यातलं अवाक्षर कळता कामा नये. का, ते आत्ताच सांगते, म्हणजे तू उत्तराचं निम्मं पत्र प्रश्नांनी भरणार नाहीस.

तुझी लेक इथल्या कॉलेजात संध्याकाळी स्पॅनिशचा मधल्या पातळीचा वर्ग घेते. ज्यांचं ‘माझं नाव अमुक, हे टेबल आहे’ उरकलं आहे आणि ज्यांना आता धड बोलायचं आहे, त्यांचा. नेमणूक तात्पुरती. परवा ती छत्री माझ्याकडे विसरली म्हणून मी द्यायला गेले, तर सूचनाफलकावर कागद: बारापेक्षा कमी नावं आल्यास वर्ग रद्द. खाली यादीत नावं अकरा. वर्ग रद्द म्हणजे तिची नेमणूकही रद्द. रविवारी माझ्याकडे जेवायला आली तेव्हा याबद्दल चकार शब्द बोलली नाही. फक्त अर्धं ताट तसंच ठेवून उठली.

बारावं नाव मी देणार आहे. प्रवेशासाठी पहिल्या पातळीची परीक्षा द्यावी लागते, ती २३ तारखेला आहे. एकतीस वर्षं हॉस्पिटलात मेट्रन होते. औषधांची याहून वाकडी नावं तोंडपाठ केली आहेत.

लोभ आहेच. तो पुडक्याच्या गाठी घट्ट मारून दाखव.

तुझी,
ताई

७ जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. आणि या खेपेला साष्टांग खरोखरच घातला, कारण तुझं पत्र वाचून मी हसता हसता आडवी झाले.

तू आणि विद्यार्थिनी! त्या भाषेने बिचारीने कुणाचं काय वाकडं केलं होतं? हे म्हणाले, मेट्रनबाई वर्गात शिरल्या की आधी सगळ्यांची नखं तपासतील. वह्या पाठवते आहे, पाच आहेत. चौथीच्या मागच्या पानावर भिंगरीने तुझं चित्र काढलं आहे, हातात हे एवढं इंजेक्शन. रागावू नकोस. नाक मात्र हुबेहूब जमलंय.

आता खरं सांगते. पुडकं बांधून दोन दिवस दारापाशी पडून होतं. तिच्या काकांच्या ट्रान्स्पोर्टच्या ऑफिसात तिच्यासाठी एक जागा धरून ठेवली आहे, तुला माहीतच आहे. वर्ग बंद पडला तर पोरगी घरी येईल, असं हे उघड म्हणतात आणि मी मनात म्हणते. दोघांना हे घर फार मोठं होतं गं. तरी पाठवते. तुला नाही म्हणायची सवय मला लहानपणी लागली नाही, आता कुठून लागणार?

गुडघ्याला शेक घेत जा. वेडावाकडा असला तरी लोभ राहू दे.

तुझी,
धाकटी

१२ जुलै

चि. धाकटीस,

आशीर्वाद. प्रवेश मिळाला. पन्नासपैकी एकवीस, वीसला पास. हसायचं ते एकदाच हसून घे.

भिंगरीने यादी वाचली तेव्हा माझ्या नावापाशी थांबून चष्मा पुसला. बाहेर गाठून विचारलं, तर मी सांगितलं की मेंदूला गंज चढू नये म्हणून आले आहे. तिला ते पटलं, किंवा पटल्यासारखं तिने केलं. वर्गात मी तिला मॅडम म्हणते. ती मला काहीच म्हणत नाही; प्रश्न विचारायचा झाला की खडू माझ्याकडे रोखते.

खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. एक खिडकी उघडत नाही आणि दुसरी मिटत नाही. एक दाताची डॉक्टरीण आहे. बाकी विशीतली मुलं, पेनांची टोपणं चावणारी. आणि एक बसचालक, डेपोतून थेट गणवेशातच येतो. लांब पल्ल्याच्या गाडीवर सहा वर्षं एकटाच स्पॅनिशच्या टेप ऐकत आला. आता म्हणतो, समोरून कुणी उत्तर दिलं तर काय वाटतं ते बघायचंय. त्याच्या शेजारी कुणी बसेना आणि माझ्याही, म्हणून आमची जोडी लागली. तो मला मेट्रनबाई म्हणतो. मी न सांगता त्याने ते कसं ओळखलं, देव जाणे.

एक गंमत सांगते. या पाठ्यपुस्तकात कुणीच कुणाला रागवत नाही. सगळे एकमेकांना कृपया म्हणतात आणि आईवडिलांची खुशाली विचारतात. गेल्या आठवड्यात चालकाने माझ्या वहीवर पाण्याची बाटली लवंडली. डोळे आहेत की बटणं, हे माझ्या ओठांवर होतं. पण त्या वर्गात मराठी बोलायला बंदी आणि मला येतं एवढंच, की काही हरकत नाही, मित्रा. ते म्हणाले. तो खूश झाला. मला घरी येईपर्यंत चुकल्या-चुकल्यासारखं होत होतं.

भिंगरीविषयी काळजी करू नकोस. ताट पुसून जेवते आता. तुझाही घास गोड होवो.

तुझी,
ताई

१९ सप्टेंबर

ती. ताईस,

नमस्कार. हे पत्र वाचताना बसून वाच.

भिंगरीने काकांच्या ऑफिसातली जागा नको, असं कायमचं कळवून टाकलं. मला नाही, परस्पर काकांना. ह्यांना ते तिसऱ्याच माणसाकडून कळलं, घरात रागारागी झाली. त्या रागात मी तिला पत्र लिहिलं आणि लिहू नये ते लिहिलं: मोठी आली शिकवणारी, तुझा वर्ग तुझ्या मावशीने बाकावर बसून उभा ठेवलाय म्हणून आहे, नाहीतर जूनमध्येच घरी आली असतीस.

पेटीत टाकलं आणि हात तसाच पेटीत राहिला. काढता येतं का बघत होते. पोस्टमन म्हणाला, बाई, बोटं तरी काढा.

तू मला रागाव. ह्यांनी रागावून काही उपयोग होत नाही, तू रागावलीस की होतो.

तुझी,
धाकटी

२१ सप्टेंबर

ती. मावशीस,

नमस्कार. याहून जास्त आज लिहवत नाही.

दोन गल्ल्यांवर राहून पत्र लिहिते आहे, कारण तुझ्यासमोर उभी राहिले की मी आठ वर्षांची होते. हे दाराखालून सरकवून जाईन.

आईचं पत्र आलं. मेंदूला गंज चढू नये म्हणून नाही, तर आकडा भरायला आलीस. तीन महिने मी तुझ्यासाठी वेगळे धडे काढले, तुला मागचं येत नाही हे इतरांना कळू नये म्हणून प्रश्न फिरवून विचारले. आणि तू मला सांभाळत होतीस. वॉर्डात बेड भरतात तसं एक बाक भरलंस.

मावशी, माझे वडील म्हणतात की मला शिकवता येणार नाही. मला स्वतःला ते कळलेलं नाही, तेवढ्यासाठीच मी इथे आले होते. आता कसं कळणार? घरचंच माणूस समोर बसलेलं आहे.

एक ऑक्टोबरला परीक्षा आहे. परीक्षेला प्रत्यक्ष बारा जण बसले तरच वर्ग पूर्ण झाला असं धरतात, नाहीतर पुढच्या सत्रापासून तो नाही आणि मीही नाही. चालेल मला. तू तुझं नाव काढून घे. खऱ्या अकरांनी बंद पडलेला वर्ग मला खोट्या बारांपेक्षा बरा.

रागात लिहिलं आहे, खोडलेलं नाही.

तुझी,
भिंगरी

२२ सप्टेंबर

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. ते रागालोभावर अवलंबून नसतात.

मी चुकले. हे वाक्य मी नोकरीत एकदाही लिहिलं नाही, म्हणून वेगळ्या ओळीवर लिहायला हवं होतं, पण कागद वाया जातो. तुला विचारून आले असते तर तू नको म्हणाली असतीस. म्हणूनच विचारलं नाही आणि म्हणूनच चुकले.

तुझ्या आईला दोष देऊ नकोस. वह्या तिनेच पाठवल्या, तुला घरी आणायची संधी समोर असताना. मला जमलं नसतं.

आता तुझा प्रश्न. मी एकतीस वर्षांत शेकडो नर्स शिकवल्या. सलाईन लावण्यात माझ्या मुलींचा हात कुणी धरत नसे. पण माझ्यासमोर एखादीचं उत्तर चुकलं की ती पुन्हा तोंड उघडायची नाही. मला वाटायचं, शिस्त आली. तुझ्या वर्गात तो बसचालक पहिला महिनाभर टोपी डोळ्यांवर ओढून बसायचा. आता उत्तर चूक आहे हे माहीत असूनही हात वर करतो, चुकतो, स्वतःच हसतो आणि पुन्हा हात वर करतो. दाताची डॉक्टरीणही. परवा तर मीही केला. हे मला एका मुलीच्या बाबतीतही साधलं नव्हतं. एवढ्यावरून तुला शिकवता येतं की नाही ते तुझं तू ठरव. मी घरचं माणूस आहे, माझी साक्ष धरू नकोस.

नाव काढायला उद्या ऑफिसात जाते. एकच अडचण आहे. तोंडी परीक्षा जोडीने द्यायची आहे आणि चालकाची जोडी माझ्याशी आहे. दहा जणांच्या पाच जोड्या लागलेल्या आहेत, तो एकटा उरतो. आयत्या वेळी दुसऱ्या कुणासमोर त्याची जीभ टाळ्याला चिकटेल, हे तुलाही माहीत आहे. सहा वर्षं तो कुणीतरी उत्तर देईल म्हणून थांबला आहे. त्याची सोय काय करायची, तेवढं सांग. बाराव्याचं तुझं तू बघ.

सकाळी दहापर्यंत वाट पाहीन.

मावशी

४ ऑक्टोबर

ती. आईस,

सा. न. वि. वि. अजून थोडी रागावलेली आहे, पण ते पत्राच्या शेवटापर्यंत टिकेलसं वाटत नाही.

मावशीला मी साडेनऊलाच जाऊन सांगितलं की परीक्षेला ये. तिने ‘हो’ म्हटलं नाही. म्हणाली, चहा घेणार का.

इथे एक पद्धत आहे. तोंडी परीक्षेला पहिल्या पातळीचा वर्ग मागे बसून ऐकतो. बाहेरून आलेल्या परीक्षकबाई विषय देतात. मावशी आणि चालकाच्या जोडीला त्यांनी दिलं: रुग्ण आणि नर्स. मी मनात म्हटलं, संपलं. आता ही त्याला झाडणार.

चालक खुर्चीवर बसला, पोट धरलं आणि घाबरून खरोखरच गप्प झाला. मावशी उठली. तिने आधी त्याची खुर्ची भिंतीपासून पुढे ओढली, मग वाकून विचारलं, दोंदे ले दुएले, म्हणजे कुठे दुखतंय. तिने पुन्हा विचारलं, आणखी हळू. तो म्हणाला, सगळीकडे. मागची मुलं हसली. मग ती म्हणाली की घाई नाही, मी इथेच आहे, मी आज कुठेही जाणार नाही. उच्चार कच्चे, क्रियापद एका ठिकाणी चुकलेलं. पण आई, इतक्या मऊ आवाजात बोलणारी मावशी मी जन्मात पाहिली नव्हती. चालकाची जीभ सुटली ती थांबेना: डेपोतलं जेवण, कंबर, बायकोचं घोरणं, सगळं त्याने सांगितलं. मावशीने त्याला चालायला जा म्हणून सांगितलं आणि ‘कृपया’ दोनदा म्हणाली. परीक्षकबाई लिहायच्या थांबल्या. मी खिडकी मिटायला गेले, ती मिटत नाही ठाऊक असून.

लेखी पेपर मीच तपासले. तोंडीत मावशी वर्गात दुसरी आली. लेखीत तिला शंभरपैकी सदतीस पडले. पास चाळीसला. तीन गुण वाढवायची मुभा शिक्षकाला असते. ऑफिसातल्या बाईंनी मला ते दोनदा सांगितलं. मी पेपर तीनदा वाचला आणि सदतीसच ठेवले.

आई, मी मावशीला नापास केलं. उद्या निकाल लागेल. ती काय म्हणेल माहीत नाही, पण वडिलांना एवढं सांग की पेपर तपासताना मी नातं बघितलं नाही.

पुढच्या महिन्यात सुट्टी आहे. आठ दिवस येते. घर लहान करून टाकीन.

तुझी,
भिंगरी

६ ऑक्टोबर

चि. धाकटीस,

आशीर्वाद. नापास झाले. कॉरिडॉरमध्ये सगळ्यांदेखत. चालक पास झाला आणि त्यालाच माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. मला धीर देताना पुस्तकातली सगळी सभ्य वाक्यं संपवली त्याने.

तुझी लेक समोर येऊन उभी राहिली, हात पाठीमागे, जणू तीच नापास झाली आहे. मी पेपर मागितला. तिथेच उभ्याने वाचला. एक गुण कुठे वाढतो का, ते माझ्या परीने शोधलं, नाही वाढत. तसं तिला सांगितलं. दोन गुण जास्तच दिले आहेत असंही सांगितलं, ते तिने मान्य केलं नाही, आणि पाचव्या प्रश्नावर माझ्याशी वाद घातला. उभा जन्म माझ्यासमोर मान खाली घालणारी पोरगी. तिचंच बरोबर होतं.

तू आणि तुझा नवरा काळजीत असाल तर कळवते: ती पोरगी आता कुणाच्या ऑफिसात बसायची नाही. आठ दिवसांसाठी येईल तेव्हा पोटभर लाड करा आणि नवव्या दिवशी गाडीत बसवून द्या.

ताई

१४ ऑक्टोबर

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. पुन्हा दाराखालून.

नव्या सत्राची यादी लागली. पहिल्या पातळीचा वर्ग चढला, चौदा नावं आहेत. मागे बसून ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक सगळे. एकाने ऑफिसात विचारलं म्हणे, त्या पोट दुखणाऱ्या काकांना शिकवणाऱ्या बाई याच का. नेमणूक वर्षभराची झाली.

तेव्हा आता आकड्यासाठी तुझी गरज नाही. अगदीच नाही. हे मी मुद्दाम लिहून देते आहे.

नापासांना पुन्हा बसता येतं. अर्जाची शेवटची तारीख शुक्रवार.

भिंगरी

१५ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,

आशीर्वाद.

अर्ज सकाळीच दिला. यादीत पंधरावी आहे. बाक मागचं चालेल, पण खिडकीजवळचं नको, वारा लागतो.

तुझी विद्यार्थिनी,
मावशी