गायरानावरचा संघ

पाटोदा,
८ सप्टेंबर २०२४

चि. अंजूस,
अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक. मेंढरं धष्टपुष्ट आहेत, तुझी काकू त्यांच्याहून. पत्राचा फोटो शेजारच्या राधाकिशनच्या फोनवरून पाठवतोय, कारण बजरंगला हे कळायला नको.

तुझ्या या भावाला गावाच्या कबड्डी संघात घेत नाहीत. चढाईला गेला की कुणाच्या हाती लागत नाही, तरी संघ चालवणारे मोहनराव म्हणतात, मेंढक्याचं पोर दिवाळी झाली की मेंढरामागं जातंय, ते गावाचं कसं. असा नियम लिहिलेला नाही, पण आजवर आपल्यातला एकही खेळलेला नाही. सराव सुरू झाला की पोरगं मेंढरं घेऊन लांब निघून जातं. दसऱ्याला गेवराईत स्पर्धा आहे, त्याचा सगळा जीव तिथे अडकलाय. तुला काही सुचतं का बघ.

आठवणीने जेवत जा.
तुझा,
सुग्रीवकाका


लॉस एंजेलिस,
१२ सप्टेंबर २०२४

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही मला मेंढरांमागे न नेता शाळेत ठेवलंत, म्हणून आज मी इथे लोकांचे गुडघे चोळते आहे. हे उपकार मी विसरत नाही.

माझ्याकडे उपचाराला एक कृष्णवर्णीय आजोबा येतात. त्यांनी सांगितलेलं ऐका. इथला फुटबॉल पायापेक्षा हातानेच जास्त खेळतात, ते असो. १९४६ च्या आधी बारा वर्षं त्यांच्या मोठ्या लीगमध्ये एकही काळा खेळाडू नव्हता. तसा नियमही कुठे लिहिलेला नव्हता. मग एक संघ या शहरात आला, त्याला इथलं मोठं मैदान हवं होतं. काळ्या पत्रकारांनी विचारलं, मैदान सगळ्या जनतेचं, मग संघात सगळे का नाहीत? संघाला दोन काळे खेळाडू घ्यावे लागले. काका, आपले सामने गायरानावरच होतात ना? मग गायरान कुणाचं, एवढंच विचारा.

एक धास्ती मात्र वाटते. त्याच वर्षी दुसऱ्या एका संघातही दोन काळे खेळाडू होते. मायामीत काळ्या-गोऱ्यांनी एकत्र खेळायला आडकाठी होती, म्हणून संघ त्यांना घरी ठेवून गेला. बजरंगच्या वाट्याला तसं येऊ नये.

काकूला नमस्कार. माझ्यावरची माया आहे तशीच राहू द्या.
आपली,
अंजू


पाटोदा,
१३ ऑक्टोबर २०२४

चि. अंजूस,
अ. उ. आ.

तू सांगितलंस तसं विचारलं. मोहनराव मिशी चोळत म्हणाले, गायरान समद्यांचंच हाय, आणा पोराला.

गेवराईत पहिले सामने बजरंगनेच जिंकून दिले. पुढच्या सामन्याआधी समोरच्यांनी हरकत घेतली, की मेंढरामागं फिरणाऱ्याला गाव कसलं, त्याला बाहेर बसवा. पंचही त्यांच्याच बाजूने बोलायला लागले. बजरंगने अंगातली जर्सी काढली. आपला कप्तान म्हणजे मोहनरावांचाच धर्मराज. त्याने ती बजरंगच्या अंगात परत घातली आणि पंचांना सांगितलं, ह्यो न्हाई तर आमी कुणीच न्हाई. सगळी पोरं टेम्पोत येऊन बसली. न खेळताच हरलो.

मला वाटलं, कप गेला म्हणून मोहनराव आता पेटणार. ते पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. तिथून उतरले आणि मागे पोरांच्या गर्दीत बजरंगला खेटून बसले. मला रडू आलं, लाजायचं काय त्यात. त्या आजोबांना माझा रामराम सांग. त्यांचे उपकार कसे फेडू कळत नाही.

दिवाळीनंतर आम्ही मेंढरं घेऊन निघू. धर्मराज म्हणतो, सरावासाठी यंदा सगळा संघ आमच्या मुक्कामावर येणार.

आम्हाला अंतर देऊ नकोस.
तुझा,
सुग्रीवकाका