उष्ट्या ताटाचा दोष

अण्णा, तुम्ही आईच्या ताटात जेवलात त्या दुपारवरून आपल्या घरात जे ठरून गेलं, ते चुकीचं निघालं. हे तुम्हालाच आधी सांगायला हवं होतं.

करोनाची दुसरी लाट होती आणि बसवनगुडीच्या घरात आईला बारीक ताप येत होता. लग्न झाल्यापासून ती तुमच्या उष्ट्या ताटात जेवायची. तुम्ही चिडवून थकलात, पण तिने काही ते सोडलं नाही. त्या दिवशी चार घास खाऊन तिने ताट बाजूला सारलं आणि तुम्ही ते पुढे ओढलंत. ती ‘अहो, नको’ म्हणतेय आणि तुम्ही भात कालवत म्हणताय, ‘जन्मभर माझं उष्टं खाल्लंस, आज माझी पाळी.’ मी दारात उभी आहे आणि मलाही हसू येतंय. आई थोड्याच दिवसांत हिंडूफिरू लागली, मला नुसती सर्दी झाली. आणि तुम्ही, रोज लालबागेत फिरताना तरण्यांना मागे टाकणारे, ऑक्सिजन लावलेलेच गेलात. तुमच्या दिवसांना आलेली आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, ‘वहिनीनेच दिलं त्याला.’ तेव्हापासून आईने स्वतःचं ताट वेगळं केलं, पेला वेगळा केला. शाळकरी नातवाला लाडाने दहीभात भरवायची, तेही तिने बंद केलं.

गेल्या पावसाळ्यात तुमच्या त्याच नातवाला तोच आजार झाला. आता त्या आजाराला कोणी फारसं विचारत नाही. त्याचे मित्र काढा पिऊन कॉलेजात गेले आणि हा हेब्बाळच्या एका हॉस्पिटलात तोंडावर मास्क लावून धापा टाकत पडला. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘घरात आधी कुणाला असं झालं होतं का?’ मी तुमचं सांगितलं. मग रक्त तपासायला गेलं. विषाणू शिरल्याबरोबर शरीर आतून जी पहिली हाक देतं, ती याच्यात फार उशिरा जाते, असं त्या म्हणाल्या. जन्मतःच तसं असतं. ते आईकडून मुलाला येतं आणि बायकांत बहुतेक वेळा गप्प बसून राहतं. माझ्यात ते तुमच्याकडून आलं असणार. म्हणजे आजार एकच होता, अण्णा, पण आईच्या अंगाने त्याला लगेच ओळखलं आणि तुमच्या अंगाला ते जमलं नाही. तेव्हा सगळं शहर खोकत होतं. ताटातून नाही, तर आणखी कुठून तरी तो आलाच असता.

मुलगा बरा झाला. आता साधा ताप आला तरी आम्ही डॉक्टरांकडे पळतो. त्याला घरी आणल्यावर मी आईकडे गेले. मला वाटलं होतं, ती रडेल, मोकळी होईल. ती शेपू निवडत बसली होती. सगळं ऐकून तिने विचारलं, ‘म्हणजे पोराला हे त्यांच्याकडून आलं?’

‘हो. माझ्यातून.’

तिने हातातली शेपूची काडी मोडली. मग म्हणाली, ‘सरी, ठीक आहे. पण हे कुणाला सांगू नको. उद्या तुझी आत्या म्हणेल, आजोबाने नातवाला आजार दिला. ते काय उत्तर द्यायला येणारेत? माझ्यावर आहे ते असू दे. मला सवय झालीये.’

मला तिचा राग आला, तुमचाही आला. इतकी वर्षं तिने जे सोसलं ते मी उतरवायला गेले होते, आणि ती ते तुमच्यासाठी धरून बसली. घरी येताना रिक्षात मला रडू आवरेना.

हे तुम्हाला पोचायचं नाही, म्हणून तरी खरं लिहिते. हॉस्पिटलात मास्क निघाल्यावर मुलाने पहिल्यांदा विचारलं होतं, ‘मला हे कुणाकडून आलं?’ मी चटकन म्हणाले, ‘आजोबांकडून.’ मधली मी होते, ते त्याला अजून सांगितलेलं नाही.