कुफरीला जाण्याची पूर्वतयारी

१ डिसेंबर १९६३, रविवार. दुपारी ४

साडू आत्ता गेला. साडेतीन तास बोलला.

अर्जुनराव. मुक्काम खामगाव, धंदा सरकीची दलाली. गेल्या जानेवारीत कुणा व्यापाऱ्याबरोबर सिमल्याला जाऊन आला, तेव्हापासून गळ्यात लोकरीचा मफलर. आज ऊन असं होतं की कुत्रं ओट्याखाली शिरलेलं. ह्याचा मफलर गळ्यातच. घाम पुसायला तोच.

मी एकवीस वर्षं जळगाव जामोदच्या हायस्कुलात भूगोल शिकवतो आहे. हिमनदी, हिमरेषा, हिमवादळ, सगळं रंगीत खडूंनी. आणि हा मॅट्रिक नापास माणूस मला म्हणतो, "तायडे मास्तर, बर्फ पाह्यल्याशिवाय समजत नाही." हिच्यासमोर. मेहुणीसमोर.

मी शांतपणे सांगितलं की येत्या नाताळात आम्ही सिमल्याच्याही पुढे कुफरीला जाणार आहोत. नुसतं बघायला नाही. पायांना फळ्या बांधून बर्फावरून घसरायला. याला स्कीइंग म्हणतात. साडूला शब्द माहीत नव्हता. दोनदा विचारून घेतला. मला फार बरं वाटलं.

तो गेल्यावर हिनं विचारलं, तिथं बायका बी जातात का. लग्नाला अठरा वर्षं झाली, हिची मजल शेगावपर्यंत. म्हटलं, जातात. मग विचारलं, मले नेता का. नेतो म्हटलं. साडूला सांगून बसलोच होतो.

संकल्प: (१) उद्यापासून पाचला उठणे. (२) थंड पाण्याने आंघोळ. (३) प्लॅनिंग पूर्णपणे स्वतः करणे. कोणाचाही सल्ला न घेणे.

२ डिसेंबर, सोमवार

साडेसातला उठलो. आंघोळ गरम पाण्याने, कारण हिनं आधीच तापवून ठेवलं होतं. वाया कशाला घालवायचं.

वाचनालयात एका जुन्या इंग्रजी मासिकात स्कीइंगचा फोटो सापडला. पान फाडून घेतलं. ग्रंथपाल बघत होता. बघू दे. या गावात ते पान दुसऱ्या कोणाला कळणार आहे?

सिमल्याच्या चार लॉजेसना इंग्रजीत पत्रं टाकली. स्वस्त, स्वच्छ, दक्षिणेकडे तोंड असलेली खोली. हिवाळ्यात तिकडे गिऱ्हाईक नसतं, तेव्हा निम्मा दर. हे व्यवहारज्ञान साडूला कुठून असणार? तो दुसऱ्याच्या पैशाने राहिला.

५ डिसेंबर, गुरुवार

काल्क्याहून पुढे मोटार भाड्याने घ्यायची. मोटार पाचजणांत परवडते, म्हणून नाइलाजाने सोबती शोधले. ड्रिल मास्तर भाऊराव आणि त्याची बायको आशाबाई. भाऊरावची लायकी नाही, पण तो शिट्टी चांगली वाजवतो. डोंगरात उपयोगी पडेल.

मी नकाशा पसरून त्याला हिमालयाची घडण समजावली. पाऊण तासाने त्याने विचारलं, संडास खोलीला लागून आहे का. अशा माणसांबरोबर मला हिमालय चढायचा आहे.

पाचव्या जागेसाठी कोणी योग्य माणूस नाही.

८ डिसेंबर, रविवार

बसस्टँडवरचा मेहबूब टॅक्सीवाला घरी आला. नांदुरा स्टेशनपर्यंत सोडायचं एवढंच काम सांगायला मी त्याला बोलावलं होतं. तो खुर्ची ओढून बसला आणि बर्फावर बोलू लागला. हा पूर्वी पलटणीत ड्रायव्हर होता, काश्मिरात ट्रक चालवायचा. म्हणे, "सर, बर्फात चाकाले साखळी बांधा लागते. आन् बिरेक मारला का गेली गाडी खड्ड्यात. गाडीले तिच्या मनानं चालू द्या लागते."

मी त्याला घर्षणाचा नियम समजावून दिला. तो मान डोलावत हाव हाव म्हणाला आणि पुन्हा साखळीच. काल्क्याला त्याचा पलटणीतला दोस्त कर्तारसिंग आहे, त्याची स्वतःची मोटार आहे, एक चिठ्ठी टाकली की काम होतं. मी म्हटलं, आपली कामं ओळखीवर चालत नाहीत, पद्धतशीर चालतात.

ही चहा घेऊन आली ती दारातच उभी राहून ऐकत होती. साखळी कशी बांधतात ते विचारत होती! बायकांना काय करायचंय? मेहबूबनेही तिला सुतळी आणि वाटी घेऊन करून दाखवलं. मी वर्तमानपत्र वाचत बसलो.

त्यातच जाहिरात मिळाली. दिल्लीची एक मोटार कंपनी. 'हिमप्रदेशासाठी खास गाड्या.' ॲडव्हान्सच्या मनिऑर्डरचा फॉर्म ताबडतोब भरून ठेवला, उद्या पोस्ट उघडताच रवाना. पद्धतशीर म्हणजे असं.

११ डिसेंबर, बुधवार

चारपैकी एका लॉजचं उत्तर आलं. खोली आहे, निम्मा दर मान्य, कोळसा त्यांचा. पण पत्राच्या वर लिहिलंय 'डिअर सर ऑर मॅडम'. मी सही स्पष्ट केली होती. शिवाय चार ओळींत सहा चुका. 'अकॉमोडेशन'मध्ये एकच एम.

लाल शाईने सगळ्या चुका दुरुस्त केल्या, खाली दहापैकी तीन मार्क दिले आणि पत्र परत पाठवलं. सोबत लिहिलं की शुद्ध पत्र आल्यावर विचार करू.

हिनं विचारलं, खोली भेटली का. म्हटलं, बोलणी चालू आहेत. ती माझ्या बोटांवरच्या लाल शाईकडे बघत राहिली. हिची बघण्याची पद्धत मला आवडत नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

रंगराव सुताराने सागवानी फळ्या आणून दिल्या. सहा फूट लांब, पुढे वाकवायच्या होत्या, वाकवल्या नाहीत. म्हणाला, सागवान वाकत नाही, मास्तर. फोटो दाखवला तर फोटोच उलटा धरला. मूर्ख.

माझे जुने बूट फळ्यांवर खिळ्यांनी ठोकून घेतले. उद्या सराव. जागा हेरून ठेवली आहे. जिनिंग फॅक्टरीच्या आवारात सरकीचा ढीग पडला आहे, दोन मजली घराएवढा. पांढुरका. उतार उत्तम. चौकीदार माझा माजी विद्यार्थी आहे, भूगोलात नापास. तो नाही म्हणू शकत नाही.

१५ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी ६

थोडक्यात लिहितो. झोपून लिहावं लागतंय.

ढिगावर चढायला वीस मिनिटं लागली. फॅक्टरीतल्या बाया काम टाकून बघायला आल्या. पन्नास-साठ तरी असतील. भाऊरावने शिट्टी वाजवली. मी शास्त्रोक्त पद्धतीने पुढे झुकलो.

फळ्या सरकीत रुतून जागेवरच राहिल्या. मी पुढे गेलो.

बूट खिळ्यांनी ठोकलेले होते, पण नाड्या मी घट्ट बांधलेल्या नव्हत्या, हे दूरदर्शीपणाचं ठरलं. फक्त उजवा गुडघा. बाया हसल्या नाहीत. एकीने पदर तोंडाला लावला होता, तो धुळीमुळे असावा. खाली आल्यावर भाऊरावने पुन्हा शिट्टी वाजवली. का, ते त्यालाच माहीत. त्याला मी आयुष्यात माफ करणार नाही.

डॉक्टर म्हणतो सहा आठवडे प्लास्टर. कालच डिग्री मिळाल्यासारखा दिसतो. दहा दिवसांत चालायला लागेन.

१८ डिसेंबर, बुधवार

मनिऑर्डर परत आली. 'या पत्त्यावर अशी कंपनी नाही.' पोस्टमनने अंगणातूनच ओरडून वाचलं. शेजारच्या सिंधूताई कपडे वाळत घालत होत्या, त्यांनी एकच लुगडं चार वेळा झटकलं.

बाकीच्या तीन लॉजेसचं उत्तर नाही. त्यांच्यात शिस्त नाही.

भाऊराव आला, जायचं काय म्हणाला. मी सांगितलं, हिमालयातलं हवामान यंदा अनुकूल नाही, प्रोग्रॅम रद्द.

ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. हाताला पीठ. म्हणाली, "रद्द काऊन? गाडीबी ठरली आन् खोल्याबी ठरल्या."

नऊ तारखेलाच हिनं मेहबूबकडून कर्तारसिंगला चिठ्ठी लिहवून घेतली होती. त्याचं उत्तर काल आलं. गाडीला साखळ्या आहेत. सिमल्याला त्याच्या मेहुणीच्या घरी दोन खोल्या, शेगडी, जेवण घरचं, आणि भाडं मी लॉजला सांगितलं होतं त्याच्याही निम्मं. संडास लागून आहे. भाऊराव एवढा खूश झाला की मला वाटलं शिट्टी काढतो.

मी म्हटलं, माझा पाय असा असताना तू कशी जाशील. ही म्हणाली, "तुमाले सिंधूताई डबा देतीन. म्या बोलून ठेवलं."

मग मला राग आवरेना. नवऱ्याला पलंगावर टाकून बायको हिमालयात जाते, हे कोणत्या घरात चालतं, असं बरंच बोललो. आवाज चढला. तिने ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली की अठरा वर्षांत मी कुठं जायचं नाव काढलं नाही. नाव तुम्ही काढलं.

पीठ वाळलं होतं तिच्या हातावर. आत गेली.

२० डिसेंबर, शुक्रवार

माझ्या आणि त्या पाचव्या जागेवर मेहुणी गीताबाई आणि साडू. साडू! म्हणे त्याला रस्ता माहीत आहे.

मी विरोध केला नाही. उलट मोठं मन दाखवून सूचना लिहून दिल्या, फुलस्केप तीन पानं. उंची, वाऱ्याची दिशा, हिमस्खलनाची लक्षणं, मोटारीत कोणी कुठं बसावं. साडूला दरीच्या बाजूला.

२२ डिसेंबर, रविवार. सकाळी ९

गेले. मेहबूबने हॉर्न वाजवून सगळी गल्ली गोळा केली. हिनं माझा कोट घातला होता, लुगड्यावर. बाह्या हातभर लांब. मला वाटलं होतं दारात थांबून एकदा मागे बघेल. बघितलं, पण ते गॅलरीत मिरच्या वाळत घातल्या होत्या त्यांच्याकडे.

सूचनांची तीन पानं फडताळात लोणच्याच्या बरणीखाली सापडली.

ठीक आहे. आता काय होतं ते बघू. दोन दिवसांत तार येईल. कुठे अडकल्याची, किंवा मार्गदर्शनाची मागणी.

२४ डिसेंबर, मंगळवार

तार नाही. सिंधूताईंच्या भाजीत मीठ नाही. सांगितलं तर म्हणाल्या, तुमच्या सरस्वतीबाई रोज कशी करतात ते विचारून घ्यायला पाहिजे होतं.

२६ डिसेंबर, गुरुवार

तार आली. 'पोहोचलो. बर्फ खूप. काळजी नको.'

काळजी कोण करतंय?

तारेत माझ्या पायाची चौकशी नाही. शब्दाला पैसे पडतात हे मला कळतं. पण 'बर्फ खूप' यात 'खूप' हा शब्द अनावश्यक आहे. तिथे 'पाय?' बसला असता.

२ जानेवारी १९६४, गुरुवार

आले. ही चेहऱ्यावरून ओळखू येईना. गाल फुटलेले, नाकाचं टोक काळं पडलेलं, आणि सारखी हसते. फळ्या बांधून घसरली म्हणे. दोनदा पडली. तिसऱ्यांदा खालपर्यंत गेली. साडू वरच बसून राहिला, फळ्यांना हात लावला नाही. ही एक बातमी मात्र चांगली.

गाडी एकदा घसरली. ड्रायव्हरने ब्रेक मारला नाही म्हणून वाचली. हे ती मेहबूबला अंगणात सांगत होती आणि तो हाव हाव म्हणत होता.

मला अजून कोणी काही सांगितलेलं नाही. मीही विचारलं नाही.

३ जानेवारी, शुक्रवार

हेडमास्तर नारायणराव स्वतः घरी आले. सोमवारी नववीसाठी 'हिमप्रदेश' या विषयावर खास व्याख्यान ठेवायचं आहे. शेवटी गुणांची कदर होतेच. मी विचार करून सांगतो म्हटलं, म्हणजे लगेच हो असं वाटू नये. तासाभराने चिठ्ठीने होकार कळवला. अकरा मुद्दे काढले. दुपारभर मोठ्याने म्हणून पाहिलं. ही निवडत असलेली तूर तशीच ठेवून ऐकत होती. काहीतरी सांगायला तोंड उघडलं तिनं, मी हातानेच थांबवलं.

६ जानेवारी, सोमवार. संध्याकाळी ६

मेहबूबच्या मोटारीतून शाळेत गेलो. ही आधीच कुठेतरी गेली होती. पाय सरळ ठेवून, बगलेत काठी, खिशात अकरा मुद्दे. शिपायाने दार उघडलं आणि फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं दिसलं: 'व्याख्यात्या: सौ. सरस्वतीबाई तायडे.'

हेडमास्तरांनी माझ्यासाठी शेवटच्या बाकाशेजारी खुर्ची ठेवली होती. पायाला स्टूल. म्हणाले, सर, तुम्ही परवानगी दिलीत हे मोठेपण.

ही फळ्यापाशी उभी. पदर दोन्ही खांद्यांवरून. पहिली दोन मिनिटं नुसता खडू हातात फिरवत होती. मला वाटलं, आता माझ्याकडे बघेल आणि मी उठेन. उठायला तसा वेळच लागला असता. पण तिने सुरुवात केली. पायाखाली बर्फ कसा कुरकुरतो. केस धुऊन बाहेर आलं तर कसे काडीसारखे होतात. खाली उतरताना फळ्यांना त्यांच्या मनानं कसं जाऊ द्यावं लागतं. पोरं पुढे सरकून बसली. माझ्या तासाला ही पोरं कधी पुढे सरकलेली मला आठवत नाहीत.

मग प्रश्न. एका मुलीने उठून विचारलं, "बाई, बर्फ पडते तेव्हा टिनावर गारा पडल्यावानी आवाज होते, असं सरांनी शिकवलं. खरंच होते का?"

शिकवलं आहे. एकवीस वर्षं. हे मी कुठे वाचलं होतं ते आठवेना.

हिनं सगळ्या वर्गावरून नजर फिरवत माझ्यापर्यंत आणली. स्टुलावरच्या प्लास्टरकडे बघितलं. म्हणाली, सर सांगतात तसंच.

पोरीने वहीत लिहून घेतलं.

घरी आल्यावर हिनं माझा बूट काढला. मी विचारलं, खरंच आवाज होतो का. नाही म्हणाली. काहीच होत नाही. सकाळी उठून दार उघडलं तेव्हा कळलं की पडला.

मग वर्गात तसं का सांगितलंस, विचारलं.

ती बूट कोपऱ्यात ठेवत म्हणाली, "तुमचा पाय दुखून राह्यला होता."