आमच्या घरात फक्त जिल्ह्याचा माल

२६ जानेवारी २०२५, रविवार

ही वही कुणी वाचू नये. वाचलीच तर निदान शेवटपर्यंत वाचावी.

संकल्प: आजपासून घरात जिल्ह्याबाहेरची वस्तू येणार नाही. साबण, बिस्किट, चप्पल, खेळणी, सगळं हिंगोली जिल्ह्यात बनलेलं. झेंडावंदनानंतर शेषरावने, म्हणजे ‘आपला जिल्हा, आपला माल’ मंचाच्या म्होरक्याने, मंचाचा वसमत तालुका सहसंयोजक म्हणून माझं नाव जाहीर केलं. मला चक्क भागवतराव म्हणाला. एरवी भागवत्या म्हणतो. टाळ्या पडल्या, काहींनी तर मनापासून वाजवल्या. २३ फेब्रुवारीला हिंगोलीत मेळावा. तिथं ‘आदर्श स्थानिक कुटुंब’ निवडणार. कुटुंबाचा व्हिडिओ पाठवायचा. आमच्यापुढे टिकेल असं दुसरं कुटुंब निदान मला तरी माहीत नाही.

घरी येऊन घोषणा केली. मंजुषा कणीक मळत होती, बरं म्हणाली. पहिल्याच दिवशी बायको पाठीशी! शंभू चार वर्षांचा, त्याला काही कळलं नाही. ईश्वरी तिसरीत आहे, तिला कळलं. म्हणाली, मग हळद्याचं काय? हळद्या म्हणजे आमचा लॅब्राडोर. अंगाचा रंग बघून पोरीनेच नाव ठेवलं. मी म्हणालो, त्याचे ते पाकिटातले दाणे बंद, आता ज्वारीची भाकर. हळद्याने शेपूट हलवलं. म्हणजे ठराव एकमताने मंजूर.

२८ जानेवारी

टूथपेस्ट बंद, कडुनिंबाची काडी चालू. शंभूने काडी चावली, थुंकली आणि शेजारी जाऊन दात घासून आला. शेजारी जिल्ह्यातलेच असल्यामुळे नियमभंग धरला नाही.

पप्पा हा शब्दही बाहेरचा. यापुढे बाबा म्हणायचं. हे सांगताच शंभू मंजुषाच्या मागे लपून भोकाड पसरून रडला. त्याच्या मते बाबा म्हणजे दारावर पीठ मागायला येतो तो, झोळीवाला. तूर्त सूट दिली.

मंजुषा म्हणाली, अन् तुमच्या दुकानाचं कसं? माझं बसस्टँडजवळ मोबाईलच्या कव्हर-चार्जरचं दुकान आहे. माल दिल्लीहून येतो. दिल्लीत कुठून येतो ते मी विचारत नाही. तिला समजावलं की धंदा वेगळा, तत्त्व वेगळं. मग चहाचं काढलं तिने. चहापत्ती जिल्ह्यात पिकत नाही हे मान्य. पण उकळतो तर इथंच ना? मी अजून एक कप घेतला.

१ फेब्रुवारी, शनिवार

मोठं पाऊल. ईश्वरीचं कार्टूनवालं दप्तर माळ्यावर टाकलं आणि शिंप्याकडून हळदीच्या पोत्याचं नवं शिवून घेतलं. मजबूत, देखणं, अस्सल.

पोरगी शाळेतून आली ती पिवळीधम्मक. मान, युनिफॉर्म, वह्या, सगळं. वर्गातल्या पोरींनी विचारलं म्हणे, लग्न कधी हाय? बाईंनी निरोप पाठवला, सोमवारी दुसरं दप्तर द्या. बाईंना ते आवडलं आहे, फक्त नीट सांगता आलं नाही.

हळद्या भाकरीला तोंड लावेना. मी त्याच्यासमोर बसून एक तुकडा खाऊन दाखवला. त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि कोपऱ्यात जाऊन पडला. भूक लागली की खाईल. मंजुषा म्हणाली, तुमी कारल्याला नाक मुरडता तवा मी उपाशी ठेवते का तुमाला? मुद्दा विषयाला धरून नव्हता, म्हणून फेटाळला.

५ फेब्रुवारी, बुधवार

अंगणात घोंगडी टाकून कुटुंबाचा फोटो काढला. घोंगडी खास नरसीच्या रस्त्यावरच्या दुकानातून आणली. घरी आल्यावर आतल्या बाजूला पानिपतचं लेबल दिसलं. कापून टाकलं. आता ती नरसीची.

फोटो मंचाच्या ग्रुपवर टाकला. धडाधड अंगठे आले. मग शेषरावचा मेसेज: बाकी सगळं बराबर, पण कुत्रं कुठलं? मागे हसण्याची चित्रं. मग कुणीतरी लिहिलं की ही जात कॅनडाची. मग तर हसण्याचा पूरच. दिवसभर दुकानात बसवेना. एका गिऱ्हाईकाला चार्जरऐवजी नुसता डबाच दिला.

जेवताना जाहीर केलं की आदर्श कुटुंबात परदेशी कुत्रं शोभत नाही. ईश्वरीने विचारलं, मग त्याचं काय करायचं? मी म्हणालो, बघू. पदावरचा माणूस एकदम सगळं सांगत नसतो. ती ताटावरून उठून गेली. ज्वारी पचायला पोरांना वेळ लागतो.

८ फेब्रुवारी, शनिवार

तांड्यावर जाऊन आलो. तिथल्या जगनकडे कारवानी कुत्री आहेत, आपल्याकडची जुनी शिकारी जात. लांब पाय, बारीक कंबर, ऐटबाज. बघताक्षणी व्हिडिओ डोळ्यांपुढे उभा राहिला. म्हणालो, एक दिवसासाठी दे. जगन म्हणाला, कुत्रं म्हंजे काय मंडपवाल्याची खुर्ची हाय का, एक दिवस न्यायला? पण जन्मभर सांभाळणार असाल तर पिल्लू देतो म्हणाला. मी हो म्हणालो. जन्मभराचं मेळावा झाल्यावर बघू.

घरी येऊन शेषरावला फोन केला. अस्सल आपल्याकडचं कुत्रं येऊन राहिलं, जुन्याची सोय लावून टाकतो. सोय म्हणजे व्हिडिओ होईपर्यंत गच्चीवर बांधायचं, एवढंच. पण मोठ्या आवाजात ‘सोय लावतो’ म्हटलं की वजन पडतं. वळून बघतो तर ईश्वरी दारात. तिलाही ही खुशखबर दिली. ती तशीच हळद्याकडे पळाली. आनंदाने पाय ठरत नाहीत कधी कधी. मग संध्याकाळभर हळद्याच्या गळ्यात हात टाकून पायरीवर बसली होती. अभ्यास नाही, काही नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सासरे आले. उत्तमराव, पोरांचे आबा. कुरुंद्याहून मागच्या सालची राहिलेली हळद पिकअपमध्ये घालून मोंढ्यात विकायला आणली होती. चहा घेतला. ईश्वरी त्यांना हाताला धरून गच्चीवर घेऊन गेली आणि बराच वेळ काहीतरी सांगत बसली. शाळेतल्या गमतीजमती असतील. मी दुकानात गेलो.

दुपारी घरी येतो तर हळद्या गायब!! भरदिवसा चोरी! अन् चोर भलता पद्धतशीर. कुत्र्याबरोबर त्याचा पट्टा नेला, ताटली नेली, पांघरायची गोधडी नेली, गोचिडाचं औषध नेलं, फाटका चेंडू नेला. मी माळ्यावर लपवलेलं दाण्यांचं पाकीटसुद्धा नेलं. त्या पाकिटाचा पत्ता चोराला कसा लागला, हा तपासाचा मुख्य धागा.

मंजुषा शांतपणे तांदूळ निवडत होती. धक्का बसला की माणूस असं करतं. ईश्वरी खाली मान घालून म्हणाली, म्हाईत न्हाई. शंभू म्हणाला, हळद्या गाडीत बसून भुर्र गेला. लेकराचं काय, त्याच्या लेखी सगळं जग भुर्रच जातं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

संशय समोरच्या मोबाईलवाल्यावर. माझं पद त्याच्या डोळ्यांत खुपतं. त्याच्या दुकानापुढून खाकरत, रोखून बघत गेलो. त्याने विचारलं, खोकल्याला काही घेतलं का? बनेल माणूस.

संध्याकाळी फाटक उघडलं. अंगावर कुणी झेपावलं नाही. पॅन्टवर पंजे उमटले नाहीत. रोज मी ओरडायचो, ह्याला आवरा कुणीतरी. आज स्वच्छ पॅन्टनिशी घरात आलो आणि काही बरं वाटेना. मंजुषाला म्हणालो, घर खायला उठतं गं. ती म्हणाली, काहून? शोभत न्हाई म्हणून तुमीच म्हणला होता. मी म्हणालो, शोभत नाही म्हणणं वेगळं आणि नसणं वेगळं. तिने हातातलं काम ठेवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. काहीतरी सांगणार होती. तेवढ्यात शेषरावचा फोन आला. घ्यावाच लागला, मेळाव्याच्या बॅनरवर माझा फोटो कुठं टाकायचा ते ठरत होतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

पोरं परत आबांकडे. सुट्टी मिळाली की कुरुंदा. आजोळची एवढी ओढ मी कधी पाहिली नव्हती. मंजुषा डबाभर चपाती दुधात कालवून नेते. आबांचे दात गेले हे मला कुणी कळवलं नाही. बाकी माणूस धडधाकट वाटतो, पण वय शेवटी वय आहे.

ईश्वरी परत येते ती फ्रॉकवर पिवळे केस घेऊन. हळदीचे दिवस आहेत, कुरुंद्यात सगळंच पिवळं.

जगनचा फोन आला, पिल्लू कधी नेता? तोंडातून निघून गेलं, थांब जरा, आधी आमचा सापडू दे. असं काहून म्हणालो, माझं मलाच कळेना. घरात जागा तर रिकामीच आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

व्हिडिओ पाठवायचा शेवटचा दिवस. सकाळी एकदम सुचलं. आबांच्या शेतात हळद शिजवणं चालू आहे. बायको-पोरं शाळा सुटल्यावर परस्पर तिकडेच जाणार होती. मागून मी जायचं, न सांगता. वाफा, हळदीचे ढीग, मध्ये हसरं कुटुंब. कुत्र्याविनासुद्धा पहिला नंबर!

शेतात पोचलो. मोबाईल काढला, कॅमेरा चालू केला. आणि ढिगामागून हळद्या! सुटला तो सरळ माझ्या छातीवर. मोबाईल उडून चिखलात. मी खाली, तो वर, आणि माझं अख्खं तोंड चाटून काढलं. डोळ्यांत पाणी आलं. वाफ फार होती. मनात आलं, काय इमान म्हणावं! मला शोधत शोधत हे जनावर वसमतहून कुरुंद्यापर्यंत आलं.

मग ताटली दिसली. मग गोधडी. बाजेखाली दाण्यांचं पाकीट.

तेवढ्यात ईश्वरी पळत आली आणि हळद्याच्या गळ्यात पडली. दोन्ही हातांनी आवळून धरलं त्याला. हुंदके देत म्हणाली, पप्पा, नका ना त्याला देऊन टाकू. तो आता भाकर खाऊन राहिला. मी शिकवलं. आबा म्हणले, कुरुंद्यात राहिला की तो कुरुंद्याचाच होतो. थोडे दिवस थांबा, मग तो आपल्या जिल्ह्याचा होईल. मग तर चालतो ना? तिने खिशातून भाकरीचा तुकडा काढून त्याच्यापुढे धरला. त्याने खाल्ला. बघा, बघा, म्हणाली. आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

आबा जवळ आले. जावईबापू, लेकरू धड जेवून न्हाई राहिलं म्हणून नेलं कुत्रं, म्हणाले. तुमाला इचारायची तिची हिंमत झाली न्हाई. मी ईश्वरीला म्हणालो, अगं, मी तर फक्त गच्चीवर बांधणार होतो. खरं सांगायचं तर ऐकायला मलाही ते काही फार बरं वाटलं नाही.

गुडघ्यावर बसलो. म्हणालो, हळद्या आपलाच आहे, कुठं जात नाही, मी सांगतो ना. तिने माझ्याकडे बघितलंच नाही, मंजुषाकडे बघितलं. मंजुषा म्हणाली, व्हय गं बाई. मग पोरीने हात सैल केले.

व्हिडिओ राहिला. मोबाईलमधून अजून चिखल निघतोय. समोरच्या दुकानात दुरुस्तीला टाकला, गुपचूप.

२३ फेब्रुवारी, रविवार

मेळाव्याला गेलो नाही. तब्येत. आदर्श स्थानिक कुटुंबाचा मान शेषरावच्या कुटुंबाला मिळाला. दुसरा व्हिडिओच आला नव्हता म्हणे.

हळद्याला काल रात्रीच आबांच्या पिकअपमधून घरी आणलं. कुठं बसावं, कुठं नाही असं त्याला झालंय. मी सकाळी जाऊन त्याच्या आवडीच्या दाण्यांचं मोठ्यातलं मोठं पाकीट आणलं. मंजुषा म्हणाली, जिल्ह्यात बनून राहिलं का हे? मी म्हणालो, जाऊ दे.

पाकीट घेऊन ईश्वरीच्या खोलीकडे गेलो. दार ढकललं तर आतून कडी. म्हणालो, मी आहे. आत हळद्या कुईकुई करायला लागला आणि एकदम गप्प झाला. तिने त्याचं तोंड धरलं असावं. म्हणालो, बेटा, त्याच्यासाठी दाणे आणलेत, उघड की. मग तिने आतून विचारलं, मम्मी हाय का घरात?

आहे, म्हणालो.

मग मम्मीपाशी द्या, म्हणाली.

पाकीट मंजुषाच्या हातात दिलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो.