पळीनं कालवलीय

माय, आज लॅबमध्ये एक बाई आल्या होत्या, तू गेलीस तेव्हा जेवढी होतीस साधारण तेवढ्याच वयाच्या. टायफॉइडच्या तिसऱ्या तपासणीचा रिपोर्ट न्यायला आल्या होत्या. जंतू आता सापडत नाहीत, असं मी सांगितलं, तर त्यांनी हळूच विचारलं, "मग आता भाकरी थापू का? सून पिठाला हात लावू देत नाय." मी म्हटलं, थापा की, बिनधास्त, हात तेवढे साबणानं धूत जा. त्या हसत गेल्या आणि मी खुर्चीत बसून राहिले. पुढचे नमुने तसेच पडले होते. थकले आहे गं. हेच वाक्य मी वर्षानुवर्षं लोकांना सांगते आणि दर वेळी तू समोर येऊन उभी राहतेस.

उस्मानपुऱ्यातलं आपलं स्वयंपाकघर. तुझे डबे कारखान्यातल्या कामगारांना जायचे. शहागंजातून आणलेल्या काकड्या तू चोचवतेस, दही आणि दाण्याचं कूट घालतेस आणि कोशिंबीर कालवतेस ती हातानंच. पळी लावली की चव जाते, असं तुझं ठाम मत. मग एकाच महिन्यात डब्यावरच्या तिघांचं रक्त माझ्याच लॅबमध्ये तपासायला आलं. तिघांनाही टायफॉइड. तिघांचा डबा एकाच घरचा, हे फक्त मला माहीत होतं. दोन दिवस मी गप्प बसले, तिसऱ्या दिवशी शौचाच्या नमुन्याची डबी तुझ्यापुढं ठेवली. केवढी भडकलीस! "मला कुठं ताप हाय? बैलावाणी काम करते मी."

तोच तर घोळ होता. तुला काहीच होत नव्हतं. मी लहान असताना तुला मोठा ताप आला होता. तो उतरला, पण जंतू पित्ताशयातल्या खड्यांच्या आश्रयानं ठाण मांडून बसले. डॉक्टरांनी शुद्ध मराठीत समजावलं, "मावशी, तुम्ही आजारी नाही, वाहक आहात." बाहेर रिक्षात बसल्यावर तू मला विचारलंस, "वाहक म्हंजी? मी काय एस्टीत तिकिटं फाडते व्हय?" मला हसू फुटलं. मग नीट सांगितलं. "म्हंजी त्या तिघांना म्या..." एवढंच म्हणालीस. ते तिघेही बरे झाले, हे मी तुला शंभरदा सांगितलं असेल. तरी डबे तू त्याच दिवशी बंद केलेस.

चार आठवडे गोळ्या झाल्या, पण नंतरच्या तपासणीत जंतू पुन्हा हजर. खडे होते म्हणून शेवटी पित्ताशयच काढलं. त्या सगळ्या महिन्यांत मी घरात हवालदार झाले होते. पिठाला हात लावू नकोस, माठात तांब्या बुडवू नकोस. तू निमूट ऐकायचीस, याचंच आता वाईट वाटतं, कारण एरवी तू कुणाचं ऐकणारी बाई नव्हतीस. मग महिन्या-महिन्यानं तीन तपासण्या, तिन्ही स्वच्छ. तिसरी मीच केली, रिपोर्टही मीच आणला आणि म्हटलं, "सुटलीस माय."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला आले तेव्हा दारातूनच दिसलं, तू मनगटापर्यंत हात घालून कोशिंबीर कालवत होतीस, काहीतरी गुणगुणत. किती दिवसांनी! माझी चाहूल लागली तशी घाईनं हात धुतलेस, पातेल्यात पळी खोवलीस, वाटी भरून माझ्यापुढं ठेवलीस. "पळीनं कालवलीय. खा." खोटं बोललीस तू, माझ्या समाधानासाठी. माझाच रिपोर्ट, पण माझा त्यावर विश्वास बसेल याची तुला खात्री नव्हती.

"लई झकास झालीय," मी म्हटलं. रिकामी वाटी बघून तुझा चेहरा किती खुलला होता. वर्षभरात तू गेलीस, हृदयाच्या दुखण्यानं. हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी मी टाकलं नसतं. तू पाणी आणायला वळलीस, तेवढ्यात मी वाटी मोरीत ओतली होती, माय.