दहा मार्कांचं उत्तर

५ मार्च
कोठडी! माझ्या बहिणीच्या मुलीला कोठडी! हॉस्पिटलात नर्स म्हणून इतकी वर्षं राबली, आणि एक म्हातारी पेशंट दगावली तर हिच्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा. म्हातारी कोण? तर वकील संघाच्या अध्यक्षांची आई. संपलंच मग! दुपारी संघाने ठराव केला — या नर्सचं वकीलपत्र कुणीही घ्यायचं नाही. हात वर करून, एकमताने.
त्यातले निम्मे हात एके काळी लॉ कॉलेजात माझ्या वर्गात बसून टिपणं काढत होते.

६ मार्च
सकाळपासून फोन. पहिल्या बाकावरचा, माझा लाडका, म्हणाला, "मॅडम, घसा बसलाय हो." खणखणीत आवाजात! दुसरी म्हणाली, मुलाची परीक्षा आहे. मुलगा बालवाडीत आहे. तिसरा निदान खरं बोलला — "मॅडम, मला याच कोर्टात पोट भरायचंय." सरकारी मदतीतून वकील नेमला, तर तो आजारी रजेवर.
व्यावसायिक नीतिमत्ता मीच शिकवली यांना! दर वर्षी एक प्रश्न ठरलेला, दहा मार्कांचा: सगळं गाव ज्याच्यावर थुंकतं, अशा आरोपीचं वकीलपत्र घ्यावं का? घ्यावं, घ्यावं — पुरवण्या लावून लिहायचे. मीही सढळ हाताने नऊ, साडेनऊ द्यायची.
कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी सगळं शिकवलं, शिव्या तेवढ्या राहिल्या. फार मोठी उणीव.

८ मार्च
मग मीच उभी राहते! पण वकिलीची सनद? प्राध्यापकी धरली तेव्हा नियमाप्रमाणे बार कौन्सिलकडे जमा केली होती. आता परत मिळवायला अर्ज. काउंटरवरचा कारकून म्हणतो, "आजी, जुनी फाइल आहे, शोधावी लागेल." आजी! तुझ्या साहेबाला मी नापास केलंय, म्हटलं. फाइल आणखीनच लांब गेली असणार.

११ मार्च
फाइल नाही. जामिनाची सुनावणी वीस तारखेला. जेवण जात नाही.
तरुणपणी वकिली करताना कोर्टात उभी राहिले की न्यायाधीश विचारायचे, "तुमचे सिनियर कुठे आहेत?" मीच आले आहे, म्हटलं की हसायचे. किती वर्षं ऐकून घेतलं! शेवटी वर्गात गेले. समोर साठ जण, आणि उठून जायची सोय नाही त्यांना! तिथे माझा आवाज मला सापडला. सगळा तिथेच खर्च करून टाकला की काय? आता वीस तारखेला तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही तर?

१४ मार्च
आज कुणालाच फोन केला नाही. उरलंय कोण?

१७ मार्च
सनद मिळाली! कपाटातून काळा कोट काढला. बटण लागत नाही.
संध्याकाळी पहिल्या बाकावरच्याचा चोरून फोन. "मॅडम, पडू नका यात. आणि एक विचारू? नक्की काय झालं, ते तिला विचारलंत का?"
विचारायचं काय त्यात! तिची आई गेल्यापासून मी वाढवली आहे तिला. माझी पोर कुणाचा जीव घेईल?
"आधी अशिलाला विचारा, हे तुम्हीच शिकवलंत," म्हणाला. घसा बरा दिसतोय.

१९ मार्च
वकील म्हणून कोठडीत तिची भेट मिळाली. किती वाळली आहे! विचारलं.
"मावशी, इंजेक्शन दुसऱ्या पेशंटचं होतं. टोचलं आणि लगेच कळलं मला. घाबरले गं. कुणाला बोललेच नाही."
किती वेळ?
"अर्धा तास. डॉक्टर दाराबाहेरच होते."
दाराबाहेरच होते.
मी चष्मा पुसत बसले. ती म्हातारी अर्धा तास जिवंत होती, हे काही केल्या डोक्यातून जाईना. वाटलं, उठावं आणि घरी जावं.

२० मार्च
सकाळी उठले तर घसा बसलेला. खरोखर बसलेला! येत नाही म्हणून कळवायला फोन उचललासुद्धा.
ठेवला.
कोटाचं बटण लागत नाही. तसाच उघडा घालून निघते आहे.